कारखान्यातली बुरशी आणि शेतातले ऊन

पिंपरी-चिंचवडच्या उद्योगाचा इतिहास सांगायला बसले की बोलणे लगेच गाड्यांवर येते. आकुर्डीची स्कूटर, पिंपरीचा ट्रक आणि पुढे चाकणच्या मोटारी, अशा टप्प्यांनी तो सांगितला जातो. पण इथल्या औद्योगिकीकरणाची सुरुवात ज्या कारखान्यापासून मोजतात, त्यात लोखंड घडवले जात नव्हते, बुरशी वाढवली जात होती. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले आणि 1955 मध्ये पिंपरीच्या माळावर पेनिसिलिन तयार होऊ लागले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्माला यायला अजून सात वर्षे होती. एक जिवंत बुरशी मोठ्या टाक्यांमध्ये, ठरावीक तापमानात, गाळलेल्या हवेवर, इतर जंतूंचा शिरकाव होऊ न देता वाढवायची, हे कौशल्य या भूमीने सर्वांत आधी आत्मसात केले. म्हणून किडी मारणाऱ्या बुरशांचा आणि त्यांना उन्हापासून वाचवण्याच्या धडपडीचा इतिहास पिंपरी-चाकणच्या पट्ट्यातून पाहणे मला महत्त्वाचे वाटते. माझे म्हणणे असे की, बुरशी तयार करणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे काम तिला उन्हातून किडीच्या अंगापर्यंत जिवंत पोहोचवण्याचे आहे. पहिले अर्धे काम आपण 1955 मध्येच शिकलो. दुसऱ्याची जबाबदारी मात्र अजून कोणी नीट उचललेली नाही, आणि ती उचलण्याची क्षमता याच पट्ट्यात आहे.

पेनिसिलिनच्या इतिहासात अतिनील किरणांची एक मोठी कामगिरी आहे. 1943 मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावी एका खरबुजावर सापडलेल्या पेनिसिलियम बुरशीवर आधी क्ष-किरणांचा मारा केला गेला. त्यातून निघालेल्या वाणावर विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिनील किरण सोडण्यात आले. बहुतेक बीजाणू मेले, पण वाचलेल्यांपैकी एक वाण, क्यू-176, पेनिसिलिन कितीतरी अधिक देऊ लागला आणि जगभरच्या उत्पादनाचा पाया बनला. म्हणजे बुरशीच्या गुणसूत्रांवर घाव घालणारे हे किरण प्रयोगशाळेत हुकमतीखाली होते. दिवा केव्हा लावायचा, किती सेकंद ठेवायचा आणि वाचलेल्यांतून कोणाला निवडायचे, हे माणूस ठरवत होता. पिंपरीच्या प्रयोगशाळेला प्रकाशाची दुसरी बाजूही परिचयाची होती. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात तिथे हॅमायसिन आणि ऑरिओफंगिन ही दोन बुरशीरोधक प्रतिजैविके शोधली. हॅमायसिन देणाऱ्या सूक्ष्मजीवाला त्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना असे नाव दिले आणि या गावाचे नाव विज्ञानाच्या दप्तरात कायमचे नोंदवले गेले. दोन्ही औषधे ज्या रसायनगटातली आहेत, त्यांचे रेणू प्रकाशात विघटित होतात. औषध कारखान्याकडे यावर साधा उपाय असतो: गडद रंगाची बाटली, बंद खोके आणि थंड कोठार. पण ऑरिओफंगिन पिकांसाठीही होते, आणि शेतात फवारलेल्या थेंबाला बाटली नसते. कारखान्याच्या फाटकापर्यंत सुटलेला प्रकाशाचा प्रश्न फाटकाबाहेर पुन्हा उभा राहतो, हे पिंपरीत तेव्हाच दिसायला हवे होते.

किडी मारणाऱ्या बुरशांचा इतिहास पेनिसिलिनपेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी जुना आहे. इटलीत रेशीम किड्यांना एक रोग होई. मेलेल्या किड्यावर चुन्यासारखा पांढरा थर चढे. हा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो, हे आगोस्टिनो बास्सी यांनी 1835 मध्ये सिद्ध केले. तीच बुरशी आज बिव्हेरिया बॅसियाना म्हणून कृषी सेवा केंद्रात पाकिटात मिळते. पुढे 1879 मध्ये इल्या मेचनिकोव्ह यांनी युक्रेनमधल्या गव्हावरच्या भुंग्यांमध्ये हिरवी बुरशी पाहिली. तिचे आजचे नाव मेटारायझियम. या बुरशीचा शेतीत मुद्दाम उपयोग करता येईल ही कल्पना त्यांची. ती प्रत्यक्षात आणली क्रासिलश्चिक यांनी. 1884 मध्ये स्मेला इथे त्यांनी बीजाणू बनवण्याचा छोटा कारखाना काढला आणि चार महिन्यांत सुमारे 55 किलो बीजाणू तयार केले. साखरबीटच्या सोंड्यांवर त्यांचा चांगला परिणाम दिसला. या यशातली एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. त्या सोंड्याच्या अळ्या जमिनीत राहत होत्या. बीजाणू मातीत मिसळले की त्यांच्यावर ऊन पडत नव्हते आणि ओलावाही टिकत होता. याच सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात फ्रान्सिस स्नो यांनी धान्यावरच्या ढेकणांसाठी बिव्हेरियाची हजारो पुडकी शेतकऱ्यांना वाटली. पण 1911 मध्ये या प्रयोगाचा कठोर आढावा घेतला गेला, तेव्हा दिसले की बुरशी शेतात आधीपासूनच होती आणि ती फोफावली की नाही हे हवामानावर ठरले, वाटपावर नव्हे. या दोन प्रयोगांतून निघणारा धडा साधा आहे. बुरशी किती टाकली यापेक्षा ती कुठे टाकली आणि तिथे तिला काय मिळाले, हे निर्णायक असते.

हे असे का होते, ते बुरशीच्या मारण्याच्या पद्धतीत आहे. रासायनिक कीटकनाशक पानावरून किडीच्या पोटात जाते किंवा अंगाला लागताच मज्जासंस्थेवर आघात करते. बुरशीचा बीजाणू आधी किडीच्या कातडीला चिकटतो, ओलावा मिळाला की अंकुरतो आणि विकरांच्या साहाय्याने कायटिनचे कवच भेदून आत शिरतो. या सगळ्याला साधारण बारा ते चोवीस तास लागतात. एकदा आत शिरल्यावर किडीचे शरीरच त्याला आडोसा देते आणि काही दिवसांत कीड मरते. म्हणजे धोक्याचा काळ आहे तो पानावर पडल्यापासून कातडीच्या आत शिरेपर्यंतचा. या काळात सूर्यप्रकाशातले अतिनील किरण, विशेषतः 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे, बीजाणूच्या डीएनएमधल्या शेजारच्या घटकांना चुकीच्या जागी जोडून टाकतात. बीजाणूकडे दुरुस्तीची यंत्रणा असते, पण घाव वाढत गेले की ती पुरी पडत नाही. थेट उन्हात काही तासांत बहुतेक बीजाणू निकामी होतात. जे वाचतात त्यांचे अंकुरणे लांबते, आणि तेवढ्या वेळात ओलावा निघून जातो. पुण्याचे अक्षांश साधारण साडेअठरा अंश असल्याने सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, दुपारी नेमका डोक्यावर येतो. एप्रिल-मेमध्ये इथला अतिनील निर्देशांक 11 च्या वर जातो, आणि जागतिक मोजमापात ही सर्वांत तीव्र श्रेणी आहे. युरोपात यशस्वी ठरलेले उत्पादन जसेच्या तसे इथे आणून फवारले, तर त्याला वेगळ्याच सूर्याशी सामना करावा लागतो.

पुण्याला बुरशीविज्ञानाची परंपरा नव्हती असे नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1951 पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, अजरेकरांच्या नावाचे बुरशींचे संग्रहालय आणि राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतच डॉ. मुकुंद देशपांडे यांच्या गटाने 1990 च्या दशकापासून मेटारायझियमवर दीर्घकाळ काम केले: कवच फोडणारी विकरे कोणती, रोगकारक क्षमता कशावर ठरते, तांदळावर बीजाणूंचे उत्पादन कसे वाढवायचे, आणि तुरीवरच्या घाटे अळीवर शेतात त्यांचा किती परिणाम होतो. 2004 मध्ये त्यांनी मेटारायझियम, बिव्हेरिया आणि नोमुरिया या तिन्ही बुरशांच्या देशी वाणांच्या तुरीच्या शेतातल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. घाटे अळीची निवड सोपी नव्हती. ती फुलांवर आणि शेंगांवर, झाडाच्या शेंड्याकडे राहते. तूर फुलोऱ्यात येते तेव्हा पाऊस सरलेला असतो, आकाश निरभ्र असते आणि हवा कोरडी होत जाते. बुरशीच्या दृष्टीने यापेक्षा अवघड जागा नाही. पण गरजही तिथेच होती, कारण रासायनिक औषधांना ही अळी दाद देईनाशी झाली होती. उन्हाचा प्रश्न प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर किती मोठा होतो, हे अशा पिकांत स्पष्ट दिसते.

जिथे या बुरशांनी महाराष्ट्रात खरे काम केले, त्या जागा एकत्र मांडून पाहिल्या की एक समान धागा दिसतो. उसातली हुमणी जमिनीत मुळे कुरतडते. तिच्यासाठी मेटारायझियम शेणखतात मिसळून मातीत देतात, आणि माती वरचे ऊन अडवते. कोकणातल्या नारळावरच्या गेंड्या भुंग्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात वाढते, तिथेही हीच बुरशी सोडतात. 2018 मध्ये देशात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात लपते. पोंग्यात नेमके सोडलेले द्रावण तिथल्या सावलीत आणि ओलाव्यात टिकते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत सोयाबीन-भुईमुगावरच्या अळ्या हिरवट भुकटीने झाकून मेलेल्या दिसतात, तो नोमुरियाचा नैसर्गिक प्रकोप असतो आणि त्यामागे माणसाचा हात नसतो. ब्राझीलमध्ये उसावरच्या फेस-किडीसाठी मेटारायझियम 1970 च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्या किडीची पिल्ले मुळांशी, पाचटाखाली राहतात. आपल्याकडे पाचट जाळू नये म्हणून जो आग्रह धरला जातो, त्यात हे एक कारणही जोडायला हरकत नाही: पाचटाखालची जमीन या बुरशांना आसरा देते. या सगळ्या उदाहरणांत रसायनशास्त्राची मोठी करामत नाही. किडीचीच वस्ती सावलीत होती आणि बुरशी तिच्या मागोमाग तिथे गेली.

आजचे जैविक कीडनाशकांचे दुकान मात्र या इतिहासावर उभे राहिले नाही. ते उभे राहिले रासायनिक फवारणीच्या सवयीवर. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने आणि पाठोपाठच्या औषधांनी शेतकऱ्याला एक साचा दिला: बाटली, मात्रा, पंप, फवारा आणि सकाळपर्यंत निकाल. बुरशी आली तेव्हा तिलाही त्याच साच्यात बसवले गेले. पाकिटावर छापतात ती एका ग्रॅममधल्या जिवंत बीजाणूंची संख्या, सामान्यतः एकावर आठ शून्ये, म्हणजे दहा कोटी. ही संख्या कारखान्यातली आहे. पानावर पडल्यावर दुपारच्या चार तासांनंतर त्यांतले किती उरतील, हे पाकीट सांगत नाही. वाहक म्हणून बहुतेकदा टाल्कची भुकटी असते. ती स्वस्त आहे, साठवायला सोयीची आहे, पण उन्हापासून वाचवण्यासाठी ती निवडलेली नाही. शेतकरी सकाळी दहाला फवारतो, आठवडाभर वाट पाहतो, अळी तशीच दिसते आणि तो म्हणतो, जैविक औषधात काही दम नाही. त्याचा निष्कर्ष त्याच्या अनुभवाशी प्रामाणिक आहे. चूक आहे ती सजीव वस्तूला निर्जीव रसायनाच्या निकषांनी विकणाऱ्या व्यवस्थेची.

यावर सर्वांत सरळ आक्षेप येतो की, मग संध्याकाळी फवारा, एवढे पुरे. कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे हाच सल्ला देतात, आणि तो शास्त्रशुद्ध आहे. ऊन कलल्यावर फवारले तर बीजाणूला रात्रभराचा अंधार आणि दव मिळते, आणि अंगावर थेट पडलेल्या बीजाणूला आत शिरायला बहुधा तेवढे पुरते. पण हा सल्ला दोन ठिकाणी अपुरा पडतो. पहिले म्हणजे, फवाऱ्याचा थेंब प्रत्येक किडीवर पडत नाही. बऱ्याच किडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पानावरून चालताना बीजाणू अंगावर घेतात, आणि तोवर ते दोन दुपारी सोसून जिवंत असावे लागतात. दुसरे कारण माणसांचे आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूर तालुक्यांत उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आहे. दिवेलागणीनंतर पाठीवर पंप घेऊन शेतात उभे राहा, हे सांगणाऱ्याने त्या माणसाच्या जिवाचाही विचार करायला हवा. चाकणच्या आसपास घरटी एक तरी माणूस कंपनीत पाळीवर जातो, शेतमजूर मिळणे कठीण झाले आहे, आणि शेतीची कामे गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत, दिवसाउजेडी उरकावी लागतात. संध्याकाळची फवारणी हा चांगला उपाय आहे, पण तो सारा भार शेतकऱ्याच्या अंगावर टाकतो. उत्पादनात सुधारणा करणे हे बनवणाऱ्याचे काम आहे. ते न करता वापरणाऱ्याने आपला दिवस बदलावा, ही अपेक्षा न्याय्य नाही.

सुधारणा शक्य आहे याचा मोठा पुरावा आफ्रिकेतून येतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस टोळधाडींच्या पार्श्वभूमीवर लुबिलोसा नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. वाळवंटाच्या कडेला, जिथे ऊन सर्वाधिक आणि ओलावा सर्वांत कमी, तिथे बुरशी वापरायची होती. संशोधकांनी पाण्याऐवजी तेल घेतले. तेलातले बीजाणू किडीच्या मेणचट कातडीला घट्ट चिकटतात, कोरड्या हवेतही अंकुरतात आणि उन्हात काहीसे अधिक टिकतात. त्यातून तयार झालेले ग्रीन मसल हे उत्पादन टोळांवर प्रत्यक्ष वापरले गेले. ब्राझीलचे गिल्बर्टो ब्रागा आणि अमेरिकेचे डोनाल्ड रॉबर्ट्स यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. एकाच जातीच्या बुरशीचे वेगवेगळे वाण उन्हाला सारखे तोंड देत नाहीत. विषुववृत्ताच्या जवळपासचे वाण सहसा अधिक चिवट निघतात, आणि बीजाणूचा गडद रंग हा त्याचा स्वतःचा बचाव असतो. रंग हरवलेले पांढरे उत्परिवर्तित बीजाणू उन्हात लवकर मरतात. याशिवाय लिग्निन, चिकणमाती, अल्जिनेटची आवरणे, प्रकाश शोषून घेणारे रंगद्रव्य, टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड अशा अनेक पदार्थांची चाचणी जगभर झाली आहे. तेव्हा मार्ग आहेत. प्रश्न आहे तो त्यांतला कोणता इथल्या पिकाला, इथल्या खिशाला आणि इथल्या उन्हाला साजेसा आहे, हे ठरवण्याचा.

इथे चाकणचे कारखाने उपयोगी पडू शकतात, आणि हे मी केवळ शेजार आहे म्हणून म्हणत नाही. मोटारीचा रंग, बंपरचे प्लास्टिक, खिडकीचे रबर, दिव्याची काच हे सगळे वर्षानुवर्षे उन्हात उभे राहायचे असते. म्हणून वाहन उद्योगाने उन्हाचे परिणाम मोजण्याची आणि रोखण्याची शिस्त फार पूर्वी बसवली आहे. झेनॉन दिव्याच्या कपाटात नमुना ठेवून महिन्यांचे ऊन काही आठवड्यांत देतात, आधी-नंतर मोजणी करतात आणि निकषाला न उतरणारा माल नाकारतात. ठिबकच्या काळ्या नळीत 2 ते 3 टक्के कार्बन ब्लॅक घालतात ते याचसाठी. टायटॅनियम डायऑक्साइडबद्दल एक रास्त शंका घेतली जाते: अतिनील किरण पडले की त्याच्या पृष्ठभागावर क्रियाशील रेणू तयार होतात आणि ते बीजाणूलाच इजा करू शकतात. रंगाच्या रसायनशास्त्रज्ञांना हा त्रास माहीत आहे. उघडे टायटॅनियम डायऑक्साइड वापरले तर रंगातली राळ तुटते आणि पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो. म्हणून ते कणांवर अ‍ॅल्युमिना-सिलिकाचे आवरण चढवतात. जैविक कीडनाशकांच्या संशोधनात ज्या अडचणीवर अडखळायला होते, तिच्यावरचा एक उपाय शेजारच्या रंगशाळेत रोज वापरला जातो. पण दोन्हींमध्ये संवाद नाही. एक उद्योग खात्याच्या कक्षेत, दुसरा कृषी खात्याच्या, आणि त्यांच्या बैठका कधी एकत्र होत नाहीत.

मावळातल्या तळेगावच्या पुष्पोद्यानात हा मुद्दा आणखी एका बाजूने तपासता येतो. औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेल्या त्या पट्ट्यात हरितगृहांत गुलाब आणि जरबेरा वाढतात. हरितगृहाच्या साधारण 200 मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकमध्ये अतिनील-स्थिरक मिसळलेले असतात. ते मुळात त्या कागदाचे आयुष्य वाढवण्यासाठी असतात, पिकाला किंवा बुरशीला वाचवण्यासाठी नव्हे. मात्र अतिनील किरण अडवणारे वेगळे कागदही मिळतात. त्यांच्याखाली पांढरी माशी आणि फुलकिडे यांची हालचाल मंदावते आणि बुरशीचे बीजाणूही अधिक टिकतात. इथे संरक्षण औषधात नाही, छपरात आहे. खेडच्या राजगुरुनगरात कांदा-लसूण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, आणि तिच्या अंगणातच उघड्या शेतातले उलट उदाहरण आहे. कांद्याचे फुलकिडे पातीच्या बुडाशी, बेचक्यात राहतात. ती जागा सावलीची, पण फवारा तिथवर पोहोचत नाही आणि पोहोचलेले पाणी मेणचट पातीवरून घसरते. म्हणजे फुलकिड्यांसाठी प्रश्न सूर्यरक्षकाचा कमी आणि चिकटण्याचा जास्त आहे. प्रत्येक पिकात कीड नेमकी कुठे बसते हे आधी पाहावे आणि मगच मिश्रण ठरवावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

एक आक्षेप असा आहे की, सूर्य ही सुरक्षेची भिंत आहे. या बुरशा उन्हात लवकर मरतात म्हणूनच त्या पर्यावरणात बेसुमार पसरत नाहीत. त्यांना कणखर केले तर मधमाश्या, गांडुळे आणि रेशीम किडे यांचे काय? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बास्सी यांनी बिव्हेरिया शोधली ती रेशीम किड्यांचा शत्रू म्हणून, आणि मराठवाड्यात आज तुतीची लागवड वाढते आहे. तुतीच्या बांधाला लागून अधिक टिकाऊ बिव्हेरिया फवारणे धोक्याचे ठरेल. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष संरक्षण देऊ नका असा नाही. संरक्षण मोजून द्या, असा आहे. बीजाणूला महिनाभर जगवायची गरज नाही, दोन-तीन दिवस पुरेत. तेल किंवा मातीचे आवरण पावसाने, वाऱ्याने, पानाच्या वाढीने आपोआप ओसरते. बीजाणूच्या गुणसूत्रांत कायमचा बदल केला तर तो पुढच्या पिढ्यांत जातो. म्हणून जनुकीय मार्गापेक्षा आवरणाचा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. निसर्गात आधीच असलेले चिवट स्थानिक वाण शोधायला मात्र हरकत नाही, कारण ते इथल्या मातीत आणि इथल्या उन्हात पिढ्यानपिढ्या राहिलेले आहेत.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. रासायनिक औषध लवकर मारते, आवरण घातलेली बुरशी महाग पडेल, असे म्हणतात. लवकर मारते हे खरे, पण घाटे अळीच्या इतिहासात दिसले की लवकर मारणाऱ्या औषधाला अळी लवकर सरावतेही, आणि मग मात्रा वाढते, फवारण्या वाढतात, निर्यातीच्या मालात अंश सापडतो. किमतीबद्दल हिशेब उलटा मांडला पाहिजे. पाकिटातल्या ग्रॅममागचे दहा कोटी बीजाणू पहिल्याच दुपारी मोठ्या प्रमाणात मेले, तर शेतकऱ्याने मेलेल्या बीजाणूंचे पैसे दिले. थोडे महाग, पण दुप्पट टिकणारे मिश्रण त्याला प्रत्यक्षात स्वस्त पडेल. 2002 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा उंच फडांत रासायनिक फवारणी अवघड ठरली आणि डिफा व मायक्रोमस या मित्रकिडींवर शेतकऱ्यांनी विश्वास टाकला. परिणाम दिसला की महाराष्ट्रातला शेतकरी जैविक उपाय स्वीकारतो. त्याला उपदेशापेक्षा टिकणारी वस्तू हवी असते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. प्रत्येक बुरशीजन्य कीडनाशकाच्या पाकिटावर बीजाणूंच्या संख्येबरोबर एक दुसरा आकडा सक्तीने छापावा: ठरावीक अतिनील मात्रेनंतर किती टक्के बीजाणू अंकुरतात. ही चाचणी करायला लागणारे दिवे, कपाटे आणि मोजमापाची सवय पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात आधीच आहे, वाण पुण्याच्या संग्रहांत आहेत, कांदा, ऊस, तूर, मका आणि हरितगृहातली फुले ही चाचणीची शेते तासाभराच्या अंतरावर आहेत. आकडा छापला गेला की उत्पादकाला टाल्कच्या पलीकडे पाहावे लागेल, शेतकऱ्याला दोन पाकिटांत तुलना करता येईल, आणि सल्ला देणाऱ्याला सकाळी की संध्याकाळी हे पुराव्यावर सांगता येईल. सत्तर वर्षांपूर्वी या माळावर बुरशी वाढवण्याचा कारखाना आला तो बाजाराच्या प्रेरणेने नव्हे. देशातल्या माणसाला स्वस्त औषध मिळावे या सार्वजनिक हेतूने तो उभारला गेला. तोच हेतू पिकांपर्यंत न्यायचा असेल, तर बुरशी बनवणाऱ्याची जबाबदारी कारखान्याच्या फाटकाशी संपवता येणार नाही. ती पानावर, भर दुपारी, बीजाणू जिवंत आहे की नाही तिथपर्यंत न्यावी लागेल.